बांधावरचा वाडा: बॅजर, त्यांची बिळं आणि फेब्रुवारीतली पिल्लं

लालमाती | २९ मार्च

डेव्हनला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इंग्लंडच्या नैऋत्येचा हा मुलूख, पाऊस भरपूर, माती तांबडी. पहिल्याच पावसात बुटांना चिकटलेला तांबडा चिखल बघून मला देवरूख आठवलं आणि गाव आपलंसं वाटायला लागलं. घरामागे शेजारच्या शेतकऱ्याचं गुरांचं कुरण आहे. कुरणाच्या कडेने जुना मातीचा बांध, बांधावर हेझल, हॉथॉर्न आणि चार मोठे ओक. त्या बांधाच्या पोटात बॅजर राहतात. इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल घरी आणि शेजारच्या आजींशी बोलत आले. यंदा वाटलं, इथे सविस्तर लिहावं.

दिसायला ठेंगणा, दहा-बारा किलोचा, अंगाने करडा, पाय आणि पोट काळं, आणि पांढऱ्या तोंडावर नाकापासून डोळ्यांवरून कानांपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे. नात्याने पाणमांजराचा भाऊबंद. पण मला लिहायचंय ते त्याच्या घराबद्दल आणि पिल्लांबद्दल. ह्या प्राण्याचं सगळं वर्ष ह्या दोन गोष्टींभोवती फिरतं.

त्यांच्या वस्तीला इथे 'सेट' म्हणतात. मी वाडा म्हणते, कारण तो वाड्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. बॅजर फार तर चौदा वर्षं जगतो, बहुतेकांना त्याच्या निम्मंही आयुष्य मिळत नाही. सेट मात्र शंभर-शंभर वर्षं नांदता राहतो. शेजारच्या आजी ऐंशी पार केलेल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ही बिळं होती आणि त्यांच्या सासऱ्यांनी ती लहानपणापासून पाहिलेली होती. प्रत्येक पिढी थोडं उकरते, एखादी खोली वाढवते, एखादं तोंड बुजू देते. मोजमाप झालेल्या एका मोठ्या सेटमध्ये ८७९ मीटर बोगदे निघाले. आमच्याकडे मी अकरा तोंडं मोजली आहेत, त्यांतली पाच-सहा वापरातली.

वापरातलं तोंड ओळखायला सोपं. कोल्ह्याचं बीळ उभट, बॅजरचं आडवं, रुंदीला जास्त आणि तळाशी सपाट. समोर तांबड्या मातीचा ढीग, त्यात वाळक्या गवताचे कुजके पुंजके मिसळलेले. आणि बाजूच्या काटेरी तारेत अडकलेले केस. हा केस मी हातात घेऊन नीट बघितलाय. बुडाला पांढरा, टोकाजवळ एक काळा पट्टा, टोक पुन्हा पांढरं. अंगठा आणि बोट यांच्यात धरून फिरवला तर गोल फिरत नाही, अडखळतो, कारण तो चपटा असतो. कुत्र्याचा केस असा अडखळत नाही. तारेत केस मिळाला आणि तो असा अडखळला, की वाट त्यांचीच.

आतल्या खोल्यांना अंथरूण लागतं. बॅजर वाळलेलं गवत, नेच्याची पानं गोळा करतो, हनुवटी आणि पुढच्या पायांत भारा धरतो आणि मागे मागे सरकत बिळात ओढत नेतो. रात्री केलेल्या ह्या कामाचा सकाळी गवताचा माग उरतो. अंथरुणात पिसवा आणि उवा फार होतात, म्हणून ते खोल्या बदलतात, जुनं बाहेर काढतात. थंडीतल्या उन्हाच्या सकाळी मी गवताचे पुंजके तोंडाशी पसरलेले पाहिलेत, मग ते परत आत गेलेले.

आता वर्ष. पिल्लं जन्मतात फेब्रुवारीत, भर थंडीत, जमिनीखाली. सहसा दोन किंवा तीन. डोळे बंद, कातडी गुलाबी, वर विरळ चंदेरी लव, तोंडावर पट्ट्यांची पुसट खूण. साधारण पाचव्या आठवड्यात डोळे उघडतात, आठव्या आठवड्याच्या सुमारास ती पहिल्यांदा बिळाच्या तोंडाशी येतात. म्हणजे आज, हे लिहिताना, ती माझ्यापासून शंभर पावलांवर जमिनीखाली आहेत आणि मी त्यांना पाहिलेलं नाही. दूध सुटायला बारा आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात.

नवल आहे ते त्याच्या आधीच्या भागात. मीलन बहुतेक वेळा मागच्या वसंतातच झालेलं असतं, कधी नंतरही. गर्भ तयार होतो, पण रुजत नाही. पेशींचा लहानसा गोळा गर्भाशयात तसाच तरंगत थांबतो, कधी कधी दहा-दहा महिने. डिसेंबरात दिवस सर्वांत लहान होतात आणि मादीच्या अंगावर हिवाळ्यापुरती चरबी साठलेली असते, तेव्हा तो रुजतो. पुढे सात आठवड्यांत पिल्लं. चरबी पुरेशी नसेल तर त्या वर्षी पिल्लंच नाहीत. जणू आईचं शरीर पेरणी करून ठेवतं आणि वाफसा आला तरच उगवू देतं.

एप्रिलअखेरीला बाहेर येतील. तोवर प्रश्न असतील तर विचारा.

---

सोनचाफा | २९ मार्च

ताई, फार आवडलं. आमच्याकडे पुण्यात डॅशहुंड आहे, आखूड पायांचा. त्याचं नाव बॅजरवरूनच पडलं हे खरं का?

---

लालमाती | २९ मार्च

हो. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरता यावं म्हणून पाय आखूड आणि अंग लांब अशी ती जात तयार केली. तुमचा कुत्रा सोफ्याच्या उशा उकरत असेल तर तो त्याचं मूळ काम करतोय.

पण त्यामागचा इतिहास दुखरा आहे. इथे बॅजरला पकडून कुत्र्यांशी झुंजवायचे आणि लोक पैसे लावायचे. १८३५ च्या कायद्याने तो खेळ बंद झाला, तरी चोरून चालूच राहिला. १९७३ मध्ये बॅजरसाठी वेगळा कायदा आला आणि १९९१ च्या कायद्याने त्यांच्या बिळालाही संरक्षण मिळालं. आज सेटचं तोंड बुजवणं हासुद्धा गुन्हा आहे. रस्ता किंवा घर बांधताना सेट हलवायचाच असेल तर परवाना लागतो आणि ते काम जुलै ते नोव्हेंबर याच महिन्यांत करू देतात. का, ते वर लिहिलंच आहे. डिसेंबरात गर्भ रुजतो, फेब्रुवारीत पिल्लं होतात, जूनपर्यंत ती आईवर अवलंबून असतात. कायद्याचं कॅलेंडर पिल्लांच्या कॅलेंडरवरून आखलंय, हे मला फार भावतं.

---

शब्दवेडी | ३० मार्च

बॅजरला मराठीत काय म्हणायचं? हिंदी बातम्यांत 'बिज्जू' वाचलंय. तेच का?

---

विदर्भरान | ३० मार्च

शब्दवेडी, बिज्जू म्हणजे लालमाती ताईंच्या बांधावरचा प्राणी नव्हे. आपल्याकडे भारतभर तुरळक सापडतो तो हनी बॅजर, म्हणजे रॅटेल. त्याला बिज्जू म्हणतात. शिवाय गोंधळ असा की उत्तरेत 'कबरबिज्जू' हे नाव लोक उदमांजरालाही लावतात. गावात पकडलेल्या उदमांजराचा फोटो आणि खाली 'बिज्जू' असं मी कितीदा तरी पाहिलंय. ओळख सोपी आहे. रॅटेलचं अंग वरून राखाडी-पांढरं, खालून काळंकुट्ट, मधोमध स्वच्छ रेघ. जणू कोणी पाठीवर घोंगडी टाकलीय. तोंडावर पट्टे नाहीत, शेपूट आखूड.

शास्त्रीय वर्गीकरणातही रॅटेल वेगळा आहे. युरोपीय बॅजरशी त्याचं नातं दूरचं, त्याची उपकुळी स्वतंत्र. 'बॅजर' हे नाव बिळं उकरणाऱ्या, नखं लांब असलेल्या, बसक्या अंगाच्या निरनिराळ्या प्राण्यांना लोकांनी देऊन टाकलं. आग्नेय आशियातले 'स्टिंक बॅजर' तर डीएनए तपासल्यावर दुर्गंधी फवारणाऱ्या स्कंकांच्या कुळात गेले.

मी रॅटेल आयुष्यात एकदाच बघितला, मेळघाटात, रात्री दोनच्या सुमाराला. गाडीच्या उजेडात तो रस्त्याच्या कडेने दुडक्या चालीने चालला होता. आम्ही थांबलो, इंजिन बंद केलं. त्याने एकदा मान वळवून बघितलं आणि त्याच चालीने पुढे गेला. पळाला नाही, लपला नाही. सकाळी परत तिथे जाऊन धुळीतले ठसे बघितले. पुढच्या पायाच्या बोटांपुढे दोन अंगुळं अंतर सोडून नखांची टोकं उमटली होती, पाचही. तेवढी लांब नखं. पंचवीस वर्षं रानात फिरतोय, एवढा एकच रॅटेल. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे.

---

शब्दवेडी | ३० मार्च

धन्यवाद दादा. मग रॅटेलची पिल्लंही अशीच वाड्यात वाढतात का?

---

विदर्भरान | ३१ मार्च

अगदी उलट. रॅटेलचा नीट अभ्यास आफ्रिकेत झाला, दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांच्या सीमेवरच्या कलाहारीत, १९९० च्या दशकात. एका जोडप्याने काही वर्षं त्यांच्या मागोमाग फिरून नोंदी केल्या. पिल्लू सहसा एकच. गर्भ थांबून राहणं वगैरे नाही, सहा ते आठ आठवड्यांत जन्म, तोही वर्षभरात केव्हाही. बापाचा काही संबंध नाही. आणि आई दर तीन-पाच दिवसांनी बीळ बदलते, पिल्लाला तोंडात धरून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं हिचं तोंडात. एका जागी राहिलं तर आजूबाजूचे उंदीर, सरडे, विंचू, साप लवकर संपतात, आणि वाळवंटात जवळपास दुसरं काही नसतं.

पिल्लू वर्षभर, कधी सव्वा वर्षाहून जास्त आईबरोबर राहतं, कारण शिकायचंच तेवढं असतं. बिळातला उंदीर कुठून बाहेर पडेल, विषारी साप कुठे धरायचा, विंचवाची नांगी कशी टाळायची. विषाच्या बाबतीत एक गोष्ट आता कळलीय. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या ठिकाणी जाऊन चिकटतं, त्या ठिकाणची रचनाच रॅटेलमध्ये थोडी बदललेली आहे, त्यामुळे विषाला नीट धरता येत नाही. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तरीही कलाहारीतली जवळजवळ निम्मी पिल्लं मोठी होत नाहीत. बिबट्या, सिंह, कधी दुसऱ्या रॅटेलचा नर.

---

लालमाती | ३१ मार्च

विदर्भरान दादा, किती छान लिहिलंत. 'बिऱ्हाड तोंडात' हे मी लक्षात ठेवणार आहे. इथल्या बॅजरला मात्र बिऱ्हाड हलवायची गरजच पडत नाही, कारण त्याचं अन्न घराशेजारी, पायाखाली असतं. गांडुळं. त्यावर उद्या लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

---

लालमाती | १ एप्रिल

तर गांडुळं. ब्रिटनमधल्या बॅजरचं मुख्य अन्न हेच, चांगल्या रात्री एक बॅजर दोनशेपर्यंत खातो. बाकी अळ्या, गांधीलमाश्यांची पोळी, पडलेली फळं, शेतातला मका, कधी साळिंदराच्या धाकट्या भावासारखा दिसणारा हेजहॉगही. पण पोट भरतं ते गांडुळावर.

गांडूळ वर येतं उबदार, दमट, वारा नसलेल्या रात्री, आणि ते सहज सापडतं आखूड गवतात. म्हणजे गुरांनी चरलेल्या कुरणात. नैऋत्य इंग्लंडमध्ये बॅजर एवढे दाट का, याचं उत्तर ह्या एका वाक्यात आहे: पाऊस, गुरं, कुरण, गांडुळं.

खाण्याची रीत बघण्यासारखी. बॅजर नाक जमिनीलगत धरून हळूहळू चालतो. गांडुळाचं पुढचं टोक बाहेर, शेपूट बिळात रुतलेली. तो पुढच्या दातांत टोक पकडतो आणि ओढतो. जोरात ओढलं तर तुटतं आणि निम्मं जमिनीत जातं. म्हणून ताण आला की थांबतो, गांडूळ ढिलं पडलं की पुन्हा ओढतो. मी लाल काचेच्या टॉर्चने हे पाहिलंय. एवढ्या जाड मानेचा प्राणी, आणि हातात सुई-दोरा असल्यासारखा नाजूकपणा.

बॅजर एका वाड्यात पाच-सहा, कधी त्याहून जास्त राहतात, बहुतेक एकमेकांच्या नात्यातले. दिवसा एकमेकांना चिकटून झोपतात, बाहेर आल्यावर एकमेकांचे केस चावतात, शेपटीखालच्या ग्रंथीचा वास एकमेकांच्या अंगाला लावतात. पण जेवायला प्रत्येक जण एकटा. गांडूळ वाटून खायची वस्तू नाही, आणि ते पकडायला मदतही लागत नाही. गटाच्या हद्दीवर ते लहान खड्डे खणून त्यांत विष्ठा ठेवतात, उघडीच, न बुजवता. ती शेजाऱ्यांसाठी पाटी असते.

हद्द एवढी जपतात, पण प्रेम हद्द मानत नाही. ऑक्सफर्डजवळच्या विथम वुड्समध्ये १९८७ पासून बॅजरांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या पिल्लांचे डीएनए तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांचे बाप शेजारच्या गटातले निघाले. एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असतात.

---

प्रेअरीवासी | २ एप्रिल

मी विस्कॉन्सिनला आहे. ह्या राज्याचं टोपणनावच 'बॅजर स्टेट'. आणि ते प्राण्यावरून थेट आलेलं नाही. १८२०-३० च्या दशकांत शिसं काढायला आलेले खाणकामगार हिवाळ्यात डोंगराच्या उतारात भुयारं खणून राहायचे, त्यांना लोक बॅजर म्हणायला लागले.

अमेरिकन बॅजर चपटा, रुंद, नाकापासून मानेपर्यंत एकच पांढरी रेघ. तो एकटा राहतो आणि गांडुळं नाही, जमिनीखालच्या खारी आणि त्यांचेच भाऊबंद असलेले प्रेअरी डॉग खणून काढतो. सावज संपलं की पुढे, त्यामुळे उन्हाळ्यात जवळजवळ रोज नवीन बीळ. फक्त पिल्लं असताना आई एका जागी टिकते. थांबलेला गर्भ इथेही आहे: मीलन उन्हाळ्याच्या शेवटी, रुजणं फेब्रुवारीच्या आसपास, जन्म मार्च-एप्रिल. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत पिल्लं वेगळी होतात.

सर्वांत मोठं आश्चर्य त्याची कोयोटीशी जोडी. कोयोटी म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्यामधला प्राणी. बॅजर खाली खणतो, कोयोटी वर पळालेली खार धरते. कोयोटीच्या भीतीने खार बाहेर आली नाही तर बॅजरला मिळते. वायोमिंगमध्ये मोजलं तेव्हा बॅजरबरोबर असलेल्या कोयोटींना सुमारे एक तृतीयांश जास्त शिकार मिळाली. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात महामार्गाखालच्या नळीतून एक कोयोटी आणि एक बॅजर मागोमाग चालल्याचं चित्रण प्रसिद्ध झालं. कोयोटी पुढे जाऊन उड्या मारत वळून बघत होती, बॅजर आपल्या चालीने येत होता. मी ते पन्नासदा बघितलं असेल.

आणि २०१७ मधली यूटाची नोंद. शास्त्रज्ञांनी मेलेली जनावरं खाणारे प्राणी-पक्षी बघायला वाळवंटात मेलेली वासरं ठेवली होती. एक वासरू नाहीसं झालं. कॅमेऱ्यात दिसलं की एका बॅजरने पाच दिवस खणून अख्खं वासरू एकट्याने पुरलं होतं, त्याच्या वजनाच्या तिप्पट-चौपट.

---

सुमिदाकाठ | ३ एप्रिल

जपानमध्ये ह्याला 'आनागुमा' म्हणतात, म्हणजे बिळातलं अस्वल. ती जात फक्त जपानचीच. इथे शोगी नावाचा बुद्धिबळासारखा खेळ आहे, त्यात राजाला अगदी कोपऱ्यात सोंगट्यांच्या आड गाडून टाकायच्या एका बचावाला आनागुमाच म्हणतात. घर जपणारा प्राणी ही ओळख सगळीकडेच दिसते.

---

गोठावैद्य | ४ एप्रिल

लालमाती, लेख वाचून आनंद झाला, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो आहे, उभं आयुष्य सातारा-सांगलीच्या गोठ्यांत गेलं. तुम्ही लिहिलंत की बॅजर गुरांच्या कुरणात चरतो. मग गुरांचा टीबी? इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचं ह्या प्राण्यामुळे नुकसान होतं असं आम्ही वाचत आलो. ज्याच्या दावणीची जनावरं जातात त्याचं दुःख मी जवळून पाहिलेलं आहे. बॅजरवर माया करताना त्या शेतकऱ्याला विसरू नये.

---

लालमाती | ५ एप्रिल

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी हे टाळत होते, कारण आमच्या मागच्याच कुरणात ते घडलंय. दोन वर्षांपूर्वी चाचणीत शेजाऱ्याच्या सात गाई सापडल्या, त्यांतल्या दोन गाभण होत्या. नियमाप्रमाणे सगळ्या कत्तलीला गेल्या. ट्रक गेल्यावर तो माणूस फाटकाला टेकून कितीतरी वेळ उभा होता. मी चहा घेऊन गेले, तो प्यायला नाही. हा शेतकरी माझा शत्रू नाही.

१९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये टीबी झालेला मेलेला बॅजर पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. रोगाचा जिवाणू गाईकडून बॅजरकडे आणि बॅजरकडून गाईकडे, दोन्हीकडे जातो. गाईकडून गाईकडे तर जातोच. १९९८ मध्ये सरकारने मोठा प्रयोग सुरू केला, त्यात सुमारे ११,००० बॅजर मारले. मारलेल्या भागात गुरांचा टीबी कमी झाला, पण त्याच्या सीमेबाहेर वाढला. कारण पुन्हा तो वाडाच. गट मोडला, हद्दी मोडल्या, उरलेले बॅजर दूरदूर भटकायला लागले आणि रोग बरोबर घेऊन गेले. २००७ मध्ये त्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की बॅजर मारून ह्या रोगावर खरा उपाय होणार नाही. तरी २०१३ पासून परवाने देऊन मारणं सुरू झालं, आजवर दोन लाखांहून जास्त मेले. २०२४ च्या सरकारी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात त्या भागांत टीबी निम्म्याहून जास्त उतरल्याचं दिसलं, हेही खरं. पण त्याच काळात गुरांच्या चाचण्याही कडक झाल्या होत्या, त्यामुळे श्रेय कशाचं किती ते वेगळं काढता येत नाही. आता चालू संसदेच्या मुदतीत मारणं थांबवायचं सरकारने जाहीर केलंय.

माझं मत लसीच्या बाजूने आहे, आणि त्याला पिल्लांचंच कारण आहे. बॅजरसाठी बीसीजीचं इंजेक्शन २०१० पासून उपलब्ध आहे. ग्लॉस्टरशायरमधल्या अभ्यासात असं आढळलं की गटातल्या एक तृतीयांशाहून जास्त बॅजरांना लस दिली तर लस न दिलेल्या पिल्लांनाही संसर्गाचा धोका खूप कमी होतो, जवळपास ८० टक्क्यांनी. पिल्लं जमिनीखाली मोठ्यांच्या कुशीत असतात. मोठे निरोगी तर पिल्लं निरोगी. शेजाऱ्याने गेल्या वर्षी लसीकरणाला परवानगी दिली. पिंजरे लावले तेव्हा तो स्वतः पहाटे माझ्याबरोबर आला होता.

---

गोठावैद्य | ५ एप्रिल

पटलं. कळपात पुरेशांना लस दिली की वासरांना आपोआप आडोसा मिळतो, हे आम्ही लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणात अनुभवलंय. तुमच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार कळवा. आणि यंदाच्या पिल्लांचं लिहीत राहा.

---

लालमाती | २७ एप्रिल

दिसली! काल संध्याकाळी.

वारा माझ्या तोंडावर येईल अशा बेताने ओकाला पाठ टेकून सव्वासातला बसले होते. नजर त्यांची अधू, पण नाकाला काही चुकत नाही. वारा उलटा असेल तर कोणीच बाहेर येत नाही. साडेआठच्या सुमारास मधल्या तोंडात पट्ट्यांचं डोकं दिसलं. आई. नाक वर करून तिने सावकाश हवा हुंगली, आत गेली, पुन्हा आली. मग मागच्या पायांवर बसून पोट खाजवलं, दोन्ही हातांनी, निवांत. आणि तिच्या पोटाखालून एक, दोन, तीन.

मांजराएवढी, कापसासारखी फुगलेली. बिळाच्या मातीच्या ढिगापलीकडे गेली नाहीत. ढिगावर ओकाचं एक जुनं खोड आहे. एक पिल्लू त्यावर चढलं, दुसऱ्याने पाय धरून ओढलं, तिसरं वर गेलं. आपल्या 'डोंगर का पाणी'सारखा डाव. आईने घशातून हलकी घरघर काढली आणि तिघंही एका क्षणात आत.

---

सोनचाफा | २७ एप्रिल

वाचताना अंगावर काटा आला. फोटो?

---

लालमाती | २७ एप्रिल

फोटो नाही काढले. कॅमेऱ्याच्या आवाजाने ती परत जातील अशी भीती वाटली.

---

लालमाती | १९ मे

इकडे पाऊस नाही. चार आठवडे कोरडा पूर्वेचा वारा. वाचायला छान वाटेल, निळं आभाळ आणि ब्लूबेलची फुलं, पण बांधावर परिस्थिती वाईट आहे. माती टणक झाली की गांडुळं खोल जातात, आणि नेमकं ह्याच वेळी पिल्लांचं दूध सुटत असतं. ब्रिटनमध्ये निम्म्याच्या आसपास पिल्लं पहिलं वर्ष पुरं करत नाहीत, त्यात कोरड्या वसंताचा मोठा वाटा आहे. आतड्यातले परजीवीही अशा वेळी उपाशी पिल्लांना धरतात.

काल आई उजेडातच बाहेर आली, साडेसातला. एवढ्या लवकर येणं म्हणजे भूक. बरगड्यांची रेघ दिसत होती. पिल्लं दोनच होती. मी काळोख होईपर्यंत थांबले. तिसरं आलं नाही. आजही नाही.

मूठभर शेंगदाणे नेऊन टाकायचा मोह होतो. बॅजरांसाठी काम करणाऱ्या इथल्या संस्थेच्या स्वयंसेवकांना विचारलं. ते म्हणाले, पाण्याचं उथळ भांडं ठेवा. खाणं ठेवलंत तर शेजारचा गट येईल आणि भांडणं होतील. पाणी ठेवलंय.

---

विदर्भरान | १९ मे

ताई, तिसऱ्याचं वाईट वाटलं. आमच्याकडेही उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसलं की असंच होतं, बघण्याशिवाय हातात काही नसतं. तुम्ही बघत राहा.

---

लालमाती | ६ जून

परवा रात्रभर पाऊस झाला. अगदी आपल्याकडच्या मृगाच्या सरीसारखा, मातीचा वास आला म्हणून जागी झाले. काल संध्याकाळी वारा पडला, हवा दमट, गवत ओलं. साडेनऊला आई दोन पिल्लांना घेऊन बांधावरून खाली कुरणात उतरली. शेजाऱ्याने तिथलं गवत गेल्याच आठवड्यात गुरांकडून चारून घेतलंय, बोटभर उंचीचं.

आई पुढे गेली, नाक खाली, एक एक टिपत. मोठं पिल्लू तिच्या मागोमाग. धाकटं मागे राहिलं. त्याला काहीतरी सापडलं होतं. लाल उजेडात मी दुर्बीण लावली. त्याच्या दातांत गांडुळाचं टोक होतं, ते मागे सरकत ओढत होतं, आणि गांडूळ दोरीसारखं ताठ झालं होतं.

पिल्लू थांबलं. तसंच, टोक दातांत धरून, हललं नाही. मग एकदम गांडूळ सुटून अख्खं बाहेर आलं आणि पिल्लू मागच्या मागे बसलं.